अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये चिकटलं, पाण्यात सुटलं

३० सप्टेंबर

अ‍ॅब्स्ट्रॅक्ट गेलं एकदाचं. डिसेंबरातल्या परिषदेसाठी. शेवटची तारीख आजची, त्यामुळे आजच सुचलं.

सगळी पीएच.डी. अडीचशे शब्दांत कोंबायची. माझे चारशे झाले होते. माझ्या गाइड लिमये मॅडमनी (यापुढे लि.मॅ.) लाल पेन काढलं आणि माझी सगळी विशेषणं कापली. ते ठीक. पण मी लिहिलं होतं, "हा डिंक खाऱ्या पाण्यातही टिकेल असं दिसतं." त्याचं त्यांनी केलं, "खाऱ्या पाण्यातही टिकतो." आणि तेच वर मथळ्यातही घातलं.

मी म्हटलं, मॅडम, एकदाच करून पाहिलंय.

"मग डिसेंबरपर्यंत अजून कर. वेळ आहे की. 'असं दिसतं' ऐकायला कोण येतं?"

तेही खरंच. सगळेच करतात. अ‍ॅब्स्ट्रॅक्ट आधी, प्रयोग मागाहून. लॅबमधल्या ग्लेनने गेल्या वर्षी ज्या यंत्रावरचे निष्कर्ष लिहून पाठवले, ते यंत्र अजून कस्टममध्येच आहे. आणि गेल्या बुधवारी काचपट्ट्या रात्रभर खाऱ्या पाण्यात टिकल्या होत्या ना, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बटण दाबलं. परळच्या नाक्यावर जाऊन वडापाव खाल्ला. उगाच नाही, हक्काचा.

४ ऑक्टोबर

आईने आज परत विचारलं, "तू नक्की करतंस काय गो?" परत सांगितलं. शिणाणे (एक जातीचे शिंपले) खडकाला बारीक दोऱ्यांनी धरून बसतात, लाटांनी सुटत नाहीत. त्या दोऱ्यांतलं रसायन बघून आम्ही तसा डिंक बनवतोय. जमलं तर कधीतरी शरीराच्या आत, ओल्यात, टाके न घालता जखम चिकटवता येईल.

आई म्हणाली, "शिणाण्यांचा मी सुका करतंय, तू डिंक कर. वाया कायएक जाऊक नको."

माझ्या संशोधनाचा इतका चांगला सारांश मला अडीचशे शब्दांत जमला नव्हता.

११ ऑक्टोबर

दुसरी खेप. दोन काचपट्ट्या डिंकाने जोडायच्या, खाली वजन लटकवायचं, टाकीत सोडायचं. एक टाकी साधं पाणी, एक टाकी खारं (यापुढे खा.पा., हात दुखतो). तळाला जुना नॅपकिन, पडलं तर काच फुटू नये म्हणून.

सकाळी आले. साध्या पाण्यात झकास. खा.पा.मध्ये वजन नॅपकिनवर आडवं, वर नुसती एक पट्टी लोंबकळतेय.

हात हलला असेल लावताना. परत लावते.

१६ ऑक्टोबर

सुटलं. मग मिठाची नवी बाटली फोडली. तरी सुटलं.

ग्लेन म्हणतो, "मीठ बदलून काय होणार रे मधू? भाजी आहे काय?"

ग्लेन डिमेलो माझ्या बाजूच्या टेबलावर. त्याच्या घरचे वडाळ्याला पिढ्यान्‌पिढ्या, मराठी माझ्यापेक्षा जुनं, पण त्यात हिंदी-इंग्लिशचा एवढा मसाला की लि.मॅ. कधीकधी त्याला परत बोलायला लावतात.

२४ ऑक्टोबर

दिवाळीत प्रयोगाचा विचार अजिबात केला नाही. (खोटं.)

माझ्या करंज्या तेलात उकलल्या. नेमक्या त्याच वेळी आई दारात उभं राहून शेजारच्या सावंतकाकूंना सांगत होती की पोरगी चिकटवण्यात डॉक्टरेट करतेय. काकू कढईत डोकावून म्हणाल्या, "असं होय." आणि स्वतःच झारा हातात घेतला. तेच जास्त लागलं.

६ नोव्हेंबर

मेल आला!!! पोस्टर नाही. टॉक!

परत वाचला. टॉकच. मोठा हॉल, माईक, दहा मिनिटं आणि वर प्रश्न.

आजवर सगळीकडे पोस्टरच. पोस्टर म्हणजे चहाच्या रांगेतले लोक आपल्याकडे बघून मान हलवतात आणि बिस्किटाकडे वळतात. गेल्या वर्षी तर माझं हात धुवायच्या बेसिनशेजारी होतं. लोक यायचे, अगदी जवळ यायचे, हात झटकायचे आणि जायचे. मला एकदा तरी माईकवर बोलायचंय. मला त्याची हाव आहे, लिहायला काय जातंय.

आईला फोन केला. संध्याकाळी चाळीत पोहोचेपर्यंत खालच्या किराणावाल्यालाही माहीत होतं.

रात्री जेवताना आठवलं. त्यांनी निवडलंय ते वाक्य. "खाऱ्या पाण्यातही टिकतो."

१० नोव्हेंबर

सुटलं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

फाडाफाडी झाली. आमच्या लॅबची रीत अशी की टॉक देणाऱ्याने आधी शुक्रवारी लॅबपुढे बोलायचं आणि बाकीच्यांनी मिळून त्याला फाडायचं. वडे बोलणाऱ्यानेच आणायचे. म्हणजे स्वतःचं श्राद्ध स्वतःच घालायचं आणि वाढायलाही स्वतःच उभं राहायचं.

सुरुवात चांगली गेली. शिणाण्यांच्या फोटोला सगळे हसले. मग तो तक्ता आला, उभ्या खांबांचा. किती ताण सहन होतो त्याचा. ग्लेन वडा खाता खाता म्हणाला, "मधू, बाकी सगळ्या खांबांच्या डोक्यावर ती छोटी उभी रेघ आहे. खाऱ्या पाण्यावाल्यावर नाही. का?"

ती रेघ परत परत करून पाहिल्यावर येते. आकडे किती मागेपुढे होतात ते दाखवते. एकदाच केलेल्या गोष्टीला रेघ कुठून येणार? हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. ग्लेनलाही, पण ते विचारून झाल्यावर. नंतर बिचारा इतका खजील झाला की दुसरा वडा तसाच ठेवला.

मी म्हटलं, नंतरच्या सगळ्या खेपा सुटल्यात.

लि.मॅ. म्हणाल्या, "स्लाइडवर 'प्राथमिक निष्कर्ष' असं लिही."

१८ नोव्हेंबर

"प्राथमिक" हा शब्द मोठा गुणी. त्याच्याखाली काहीही मावतं. मोठ्या अक्षरात लिहून पाहिला, मग लहान, मग तिरक्या. कसाही लिहिला तरी मला त्याच्याकडे बघवत नाही. एकदा करून पाहिलं आणि टिकलं, हे प्राथमिक. त्यानंतर दर वेळी सुटलं, त्याला काय म्हणायचं? माध्यमिक?

चिडले आहे. कोणावर ते ठरत नाही. बटण मीच दाबलं होतं.

२५ नोव्हेंबर

धीर करून लि.मॅ.च्या केबिनमध्ये गेले. मॅडम, मथळा बदलू या का?

"बदललास तर ते तुला पोस्टरवर टाकतील, कळतंय ना?"

कळतंय.

"आणि माझ्या नव्या प्रोजेक्टचा अर्ज याच वाक्यावर उभा आहे. त्यावर मत देणारे दोघं त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत..." वाक्य अर्धवट सोडलं. चष्मा पुसायला घेतला. स्वच्छ होता तो.

मला वाटलं होतं ओरडतील, मग मीही ओरडेन, मोकळं होईल. तसं काहीच झालं नाही. बाई वाईट नाहीत. त्यामुळेच अवघड आहे.

२ डिसेंबर

आयोजकांचा सगळ्यांना मेल. पुस्तिका छापायला गेली, आता मथळे बदलता येणार नाहीत. आणि टॉक देणाऱ्यांनीही पोस्टर लावावं, चहाच्या वेळी चर्चेला बरं.

म्हणजे पुस्तिकेत तेच वाक्य कायम. पोस्टर मात्र अजून छापायचंय.

५ डिसेंबर

घरी तालीम. श्रोते: आई, सावंतकाकू. इंग्लिशमध्येच दिला टॉक, घड्याळ लावून. काकू मधेच उठून कुकर बंद करून आल्या, पण परत येऊन बसल्या. हे परिषदेत होत नाही.

संपल्यावर काकूंचा एकच प्रश्न: "साडी कुठली?"

आई म्हणाली, "माका कायएक कळला नाय. पण बोललंस चांगला. फक्त त्या खांबांच्या चित्रार तू अशी पळालंस, जशी काय कुत्रो पाठी लागलो."

मी म्हटलं, वेळ कमी असतो गं.

"मगे बाकीच्या चित्रांक बरो वेळ होतो?"

९ डिसेंबर

नेहमीच्या पोस्टरवाल्याचं मशीन बंद. म्हणून लालबागलाच सुन्याकडे गेले. सुन्या माझ्या वर्गातला, आता वाढदिवसाचे आणि मंडळांचे बॅनर छापतो. कामात एक नंबर, चोवीस तास कोणा ना कोणाचा वाढदिवस असतोच.

"फोटो कुठाय?"

कुणाचा?

"तुझा! फोटोशिवाय बॅनर असतो काय?"

त्याला समजावलं की हा शास्त्रीय बॅनर आहे. त्याने मान हलवली, म्हणजे ऐकलं नाही. मग म्हणाला, "वरती मथळा काय टाकू? इथे दोन फाइली दिसतायत."

दोन होत्याच. एकीत जुना मथळा. दुसरीत मी परवा चिडून टाइप केलेला: "साध्या पाण्यात टिकतो, खाऱ्या पाण्यात सुटतो: का?" पेन ड्राइव्हवर दोन्ही घेऊन गेले होते. का, ते मला माहीत आहे. कोणीतरी दुसऱ्याने निवडावं म्हणून. पण सुन्या काय निवडणार? त्याच्या मागे रांग लागली होती, एका नगरसेवकाचा माणूस घाई करत होता.

म्हटलं, दुसरी.

"नक्की? बदल करायला परत येशील तर आज नाय जमणार."

नक्की.

संध्याकाळी आणायला गेले. सोनेरी किनार. माझ्या आधारकार्डासारखा फोटो गोल करून कोपऱ्यात, मागे सूर्याची किरणं (फोटो त्याने आमच्या शाळेच्या ग्रुपवरून उचलला). खाली, "शुभेच्छुक: समस्त रहिवासी व मित्रमंडळ."

"खाली जागा मोकळी होती," सुन्या म्हणाला. "वाईट दिसत होती."

हसून हसून डोळ्यांत पाणी आलं. कितीतरी आठवड्यांनी अशी हसले. शुभेच्छुक काढायला लावले, फोटो काढायला लावला. सोनेरी किनारीवर तो अडून बसला, ती मग बारीक करून ठेवली. मथळ्याबद्दल त्याने काही विचारलं नाही, फक्त म्हणाला, "प्रश्नचिन्ह लाल केलंय. उठून दिसतं."

१० डिसेंबर

पोस्टर लॅबमध्ये आणलं. ग्लेनने उलगडून पाहिलं, शीळ घातली. "मेली तू."

तेवढ्यात लि.मॅ. मागे उभ्या.

"मला न विचारता?"

हो.

त्या केबिनमध्ये गेल्या. दार हळू लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. विचारायला हवं होतं, हेही खरंच. विचारलं असतं तर छापलं नसतं, हेही.

ग्लेनने चहा आणून दिला. स्वतःच्या पैशांनी. म्हणजे प्रकरण गंभीर.

१२ डिसेंबर

आज दुपारी लि.मॅ. अ‍ॅप्रन घालून लॅबमध्ये आल्या. अ‍ॅप्रनवर घड्यांच्या रेघा तशाच, किती वर्षांनी कपाटातून निघाला देव जाणे.

"मधुरा, डिंक कुठे? मी लावते."

आम्ही सगळे आपापल्या कामात असल्याचं नाटक करत बघत होतो. त्यांना नवी पिपेट चालवता येईना. "हे बटण कुठलं आता?" ग्लेन धावला. पण पट्ट्या जोडल्या मात्र अशा सुबक, की मला माझ्या पट्ट्यांची लाज वाटली. खा.पा.ही स्वतः बनवलं, वजन स्वतः लटकवलं. जाताना टाकीवर चिठ्ठी चिकटवली: "लिमये. हात लावू नये." आमच्याच हाताला घाबरल्या होत्या.

माझं मन किती नीच आहे बघ. क्षणभर वाटलं, यांचं टिकू नये. मग वाटलं, टिकू दे बाबा, टिकू दे. टिकलं तर सगळेच सुटतो.

१३ डिसेंबर

मी पोहोचले तेव्हा लि.मॅ. टाकीपुढे उभ्या होत्या. वजन नॅपकिनवर.

त्यांनी सुटलेली पट्टी बाहेर काढली, उजेडात धरली, बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "तुझा मथळा बरोबर आहे."

आणि प्रोजेक्टचा अर्ज, मॅडम?

"तो माझा प्रश्न आहे. तू तुझी स्लाइड नीट कर. आणि मधुरा, ती सोनेरी किनार कोणाची कल्पना?"

मला रडू आलं. त्यांनी बघितलं नाही असं दाखवलं, आणि मला त्या वेळी त्या फार आवडल्या.

१७ डिसेंबर

झालं!

साडी नेसले (काकूंची निवड, मोरपंखी). हॉल गच्च. अध्यक्षांनी पुस्तिका उघडून मथळा वाचला, ठसठशीत, "खाऱ्या पाण्यातही टिकणारा," आणि मला माईक दिला. पॉइंटर लावला तर लाल ठिपका थेट छतावर गेला.

म्हटलं, तुमच्या हातातला मथळा मी सप्टेंबरात लिहिला. खाऱ्या पाण्याने तो अजून वाचलेला नाही.

मागून कोणीतरी हसलं (ग्लेन, दुसरं कोण), मग पुष्कळ जण. त्यानंतर मी पळाले नाही. खांबांच्या तक्त्यावर थांबले. एकदा टिकलं तो ठिपका आणि नंतर सुटलेले सगळे ठिपके, एकाच चित्रात. दहा मिनिटं कशी गेली कळलं नाही.

पहिल्या रांगेतल्या एका तज्ज्ञांनी विचारलं, "एकदा टिकला तेव्हा काय वेगळं होतं?"

माहीत नाही सर. शोधतेय.

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. दुसऱ्यांनीही लिहिलं. काय, ते कळणार नाही. लि.मॅ. त्यांच्याच मागच्या रांगेत. टाळ्या मात्र वाजवल्या, दोन्ही हात नीट वर करून.

मग चहाच्या वेळी पोस्टरपुढे हीऽ गर्दी! बिस्किटं सोडून. कोणी म्हणे मिठाचा दोष, कोणी म्हणे काचेचा, एक काका म्हणाले सगळाच विषय सोडून द्या. मी सगळ्यांशी भांडले. काय मजा आली.

सगळे पांगल्यावर एक मुलगी मागे राहिली. पोस्टर गुंडाळायला मदत करायला लागली. स्नेहल, रत्नागिरीकडची, कॉलेज कुठलं ते सांगितलं नाही. मातीतून विषारी धातू खेचून घेणाऱ्या जिवाणूंवर काम करते.

"ताई, तुमच्या सरांनी असं बोलू दिलं?"

मॅडम आहेत. दिलं. लगेच नाही दिलं.

ती पोस्टरची सुरळी हातात धरून उभीच. मग म्हणाली, "माझंही एकदाच आलंय. नंतर नाही आलं. उद्या सकाळी माझा टॉक आहे."

तिच्या सरांना माहीत आहे का, विचारलं. तिने मान हलवली, पण हो की नाही ते मला कळलं नाही.

मला पुष्कळ काही सांगावंसं वाटलं. बोल बिनधास्त, म्हणणार होते. पण माझ्या बाई अ‍ॅप्रन घालून आल्या होत्या. तिचे सर येतील का, मला काय माहीत? जीभ आवरली. एवढंच म्हटलं, मी येईन ऐकायला. पुढे बसेन.

घरी येईपर्यंत सगळा आनंद होता, अजून आहे, पण त्यात ती मुलगी येऊन बसलीये.

१८ डिसेंबर

हॉलमध्येच लिहितेय, कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर. दुसऱ्या रांगेत बसलेय. ग्लेन बाजूला. त्याला सगळं सांगितलं, तेव्हापासून तो माझ्यापेक्षा जास्त घाबरलाय, नखं खातोय.

स्नेहल पायऱ्यांपाशी उभी. हातात पाण्याची बाटली, झाकण उघडतेय, लावतेय. तिचे सर पहिल्या रांगेत, माझ्या बरोबर पुढे. पांढरे केस, चांगले दिसतात, शेजारच्याशी हसून बोलतायत. माणूस कसा आहे ते मानेवरून कळत नाही.

तिने मला पाहिलं. हसली का? ग्लेन म्हणतो हसली. मला नाही वाटत.

अध्यक्ष मथळा वाचतायत. "...पूर्णपणे शोषून घेणारे जिवाणू." पूर्णपणे.

ती वर गेली. पहिली स्लाइड लागली. माईक तोंडापाशी नेलाय. सर शेजारच्याशी बोलायचे थांबले.

बोलत नाहीये अजून.